तीन रकान्यांची वही

ऑगस्टमधली सकाळ होती. रात्रभर भुरभुर पाऊस पडून बंगळुरूच्या लालबागेची हिरवळ ओली झाली होती. चालता चालता माझा नातू एकदम खाली बसला आणि ओरडला, "आजी, गेन्झेब्ल्यूम्शेन!" ओळखीचा मित्र परगावी अचानक भेटावा तसा त्याचा चेहरा खुलला होता.

मी वाकून पाहिलं. ती एकदांडी होती. बोटभर उंच, बारीक देठ आणि एका देठावर एकच पिवळसर फूल. साताऱ्याकडे आमच्या गावी बांधाबांधावर ती असायची. खरचटलं की आई तिचा पाला चुरगाळून जखमेवर दाबायची, म्हणून आम्ही तिला दगडी पालाही म्हणायचो. जर्मनीतलं गेन्झेब्ल्यूम्शेन म्हणजे डेझी, ते झाड निराळं. पण नऊ वर्षांच्या मुलाला तेच दिसलं आणि त्याने मला त्याचा अर्थही सांगितला: हंसांचं छोटंसं फूल.

लेक स्टुटगार्टला गेली तेव्हापासून मी नातवाला फोनच्या पडद्यावरच जास्त पाहिलं. तिकडच्या उन्हाळी सुटीत तो पहिल्यांदाच महिनाभर माझ्याकडे जयनगरला राहायला आला होता. मराठी त्याला समजायचं, पण बोलताना तो अडायचा आणि मग गप्प बसायचा. ते गप्प बसणं मला फार लागायचं. त्या सकाळी तो पहिल्यांदा आपण होऊन बोलला, आणि मला धागा सापडला. घरी येऊन मी एक वही काढली, पानावर तीन रकाने आखले: मराठी, कन्नड, जर्मन. पहिल्या ओळीत एकदांडी लिहिली. जर्मन रकान्यात त्याने स्वतः लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं, कारण फूल तेच नाही हे एव्हाना त्यालाही पटलं होतं.

मग रोजच वही घेऊन निघायचो. लेकीने तिकडून आणलेलं झाडांचं जाडजूड जर्मन पुस्तक पिशवीत असायचं. मी झाड दाखवायची, तो पुस्तकात चित्र शोधायचा. कन्नडसाठी शेजारच्या आजी होत्या. या शहरात चाळीस वर्षं काढूनही त्यांच्याइतकी कन्नड नावं मला ठाऊक नव्हती.

पिचकारीच्या झाडापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. त्याची केशरी-लाल फुलं उंचावर फुलली होती. खाली पडलेली एक कळी उचलून मी दाबली आणि पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या नाकावर उडाली. मराठीत पिचकारी का म्हणतात, हे वेगळं सांगावं लागलं नाही. कन्नडमध्ये ते नीरुकायी मर, पाण्याच्या फळांचं झाड. जर्मनमध्ये मात्र आफ्रिकानिशर टुल्पेनबाउम, म्हणजे आफ्रिकेतलं ट्युलिपचं झाड. आपल्या लोकांनी कळी हातात घेतली होती, जर्मन माणसाने फूल दुरून पाहिलं होतं.

तेव्हापासून आमचा एक नेमच झाला. नाव लिहिलं की विचारायचं, हे नाव ठेवणाऱ्याने काय पाहिलं असेल? कुंपणावरची घाणेरी आपण नाकाने ओळखली. जर्मनमध्ये ती वांडेलर्योस्शेन, बदलणारं छोटं गुलाब, कारण तिची फुलं उमलताना पिवळी असतात आणि पुढे गुलाबी किंवा लाल होतात. इतकी वर्षं नाक मुरडून मी तिच्या शेजारून गेले. रंग बदलताना तिला पाहिलं ते नातवाच्या पुस्तकामुळे. कैलासपतीच्या फुलात आपल्याला नागाच्या फण्याखालची पिंड दिसते, कन्नड माणूसही त्याला नागलिंग म्हणतो. जर्मन नावाने खोडाला लगडलेली गोल फळं पाहिली: कानोनेनकुगेलबाउम, तोफगोळ्यांचं झाड. 'ओसाड गावी एरंड बळी' असं म्हणून आपण ज्याला हिणवतो, तो एरंड तिकडे वुंडरबाउम आहे, नवलाचं झाड. बी रुजल्यापासून काही महिन्यांत माणसाच्या डोक्यावर जाणारं झाड नवलाचं नाही तर काय! झेंडू तिकडे श्टुडेंटनब्लूम, विद्यार्थ्यांचं फूल.

काही नावांवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. विलायती शिरीषाला आपण पर्जन्यवृक्षही म्हणतो, कन्नडमध्ये तो मळे मर, जर्मनमध्ये रेगेनबाउम. तिन्हींत पाऊस आहे. लाजाळू तर सगळीकडेच लाजते. कन्नडमध्ये तिचं आणखी एक गोड नाव आहे, मुट्टिदरे मुनि: हात लावला की रुसणारी. नातवाने ते पाच-सहा वेळा म्हणून पाहिलं आणि दर वेळी एकेका पानाला हात लावला.

वडापाशी एक वेगळीच गंमत झाली. तो म्हणाला, "ती वड." मी म्हटलं, "अरे राजा, तो वड." त्याने पुस्तक पुढे केलं. जर्मनमध्ये वड म्हणजे बान्यान-फायगं, आणि फायगं, म्हणजे अंजीर, तिथे स्त्रीलिंगी. पिंपळही तिथे पापेल-फायगं. वड आणि पिंपळ अंजिराचेच भाऊबंद आहेत, हे नावातच सांगून टाकलेलं. आणि त्यातलं 'बान्यान' हे आपल्या वाण्यांवरून आलेलं. वडाखाली बसून व्यापार करणारे वाणी परदेशी लोकांनी पाहिले आणि त्यांचं नाव झाडाला चिकटलं. मराठीसारखीच जर्मनमध्येही तीन लिंगं. त्यामुळे तो अडायचा तो अज्ञानाने नाही, हे मला तेव्हा कळलं. त्याच्या डोक्यात प्रत्येक झाडाचं लिंग आधीच ठरलेलं होतं. त्यानंतर मी त्याला चूक म्हणून टोकलं नाही. "तुमच्याकडे ती, आमच्याकडे तो" एवढंच म्हणायची. हळूहळू तो मोकळेपणी बोलू लागला.

लालबागेजवळच्या एका रस्त्याची पाटी वाचून त्याने विचारलं, "आजी, हे तर जर्मन नाव आहे ना?" रस्ता क्रुम्बीगल यांच्या नावाचा. गुस्टाव्ह हर्मान क्रुम्बीगल ड्रेस्डेनजवळच्या लोमेनचे, जन्म १८६५ चा. लंडनच्या क्यू उद्यानात काम करून ते १८९३ मध्ये हिंदुस्थानात आले, ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात. पुढे म्हैसूर संस्थानाने त्यांना बोलावलं आणि १९०८ ते १९३२ लालबाग त्यांच्या देखरेखीखाली होती. एका झाडाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा, अशी झाडं रस्त्यांवर लावण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. १९५६ मध्ये याच शहरात त्यांनी देह ठेवला. महात्मा गांधी मार्गावर किटेल यांचा पुतळाही मी त्याला दाखवला. फर्डिनांड किटेल यांनी १८९४ मध्ये कन्नड–इंग्रजी शब्दकोश पुरा केला, त्यात कितीतरी झाडांची कन्नड नावं शास्त्रीय नावांसह नोंदली. ते वारले ट्युबिंगनमध्ये, नातवाच्या घरापासून फार लांब नाही. "म्हणजे त्यांनीही वही केली होती," तो म्हणाला. मी म्हटलं, "हो, आपल्यापेक्षा बरीच मोठी."

सप्टेंबरात तो परत गेला. वही माझ्याकडे राहिली. ऑक्टोबरच्या शेवटी ओळखीच्या कुणाबरोबर त्याने एक छोटी पुडी पाठवली. आत पाच तपकिरी, चकचकीत बिया होत्या. फोनवर म्हणाला, "आजी, ही रोसकास्टानिए. शाळेच्या वाटेवर पडतात. मराठीत काय म्हणतात?"

मला नाव माहीत नव्हतं. झाड मी पाहिलेलं नाही, आमच्या गावात ते नव्हतं. त्याला म्हटलं, "मराठी रकाना कोरा ठेवू या." त्याला ते मान्य नव्हतं. "तू हातात घेऊन बघ ना," तो म्हणाला. महिनाभर मीच त्याला हे सांगत होते.

बी तळहातावर घेतली. गुळगुळीत, थंड, मुठीत मावणारी. "ही कशात असते रे?" मी विचारलं. "हिरव्या गोळ्यात. बाहेरून काटे." मग माझा हात आपोआप हलला. बी वर उडाली आणि खाली येईस्तोवर उरलेल्या चारांतली एक मी उचलली, वरची झेलली. पन्नास-पंचावन्न वर्षांनी. परकराचा ओचा खोचून, सारवलेल्या ओसरीवर आम्ही मुली हेच खेळायचो. आमच्या बियाही काटेरी शेंगेतूनच निघायच्या. "हा सागरगोटा आहे," मी म्हटलं. पलीकडून तो हसत होता, "परत कर, परत कर."

कोऱ्या रकान्यात मी लिहिलं: सागरगोटा, नातवाच्या गावचा.