बीबीसी मायक्रो : एका जुन्या संगणकाची सोबत

माजी विद्यार्थी शाळेत आले की भोजनगृह, नवी प्रयोगशाळा, वाढलेली झाडे असे सारे पाहून होते आणि मग इतिहासाच्या खोलीत डोकावून कोणीतरी विचारतेच, “सर, तुमचा तो संगणक अजून चालतो का?” चालतो. बटण दाबले की आधी एक जाड आणि मग एक बारीक असा दुहेरी आवाज येतो. जुन्या टीव्हीच्या काळ्या पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर 32के’ ही ओळ उमटते आणि तिच्याखाली ‘बेसिक’ हा शब्द. पेटी पिवळी पडली आहे, पण वरच्या रांगेतल्या दहा नारिंगी कळांचा रंग उडालेला नाही.

हा बीबीसी मायक्रो. इंग्लंडमध्ये तो 1981च्या डिसेंबरात आला. सामान्य माणसाला संगणक शिकवणारी दूरचित्रवाणी मालिका बीबीसीला करायची होती. तिच्या जोडीला केंब्रिजच्या एकॉर्न या लहानशा कंपनीने हे यंत्र तयार केले. स्मृती अवघी 32 किलोबाइट. आज मोबाइलवर येणारे एक साधे छायाचित्रही तीत मावायचे नाही. तिकडे तो घरोघरी आणि बहुतेक शाळांत पोहोचला. आपल्याकडे 1984मध्ये केंद्र शासनाच्या ‘क्लास’ प्रकल्पातून तो सुमारे 250 निवडक शाळांना मिळाला.

त्यांतल्या एका शाळेत 1985 साली मी नववीत होतो. संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढायच्या, हात धुवायचे, रांगेने आत जायचे. आठवड्याला एक तास, आणि एका यंत्रामागे सात-आठ मुले. कळफलकापुढे कोणी बसायचे हे गुणांवरून ठरते असे सांगितले जाई. प्रत्यक्षात ते आडनावांवरून ठरे. वसतिगृहातली आम्ही तीन मुले मागे उभे राहून पडदा वाचत असू. ‘हात लावू नका’ हे वाक्य आमच्या घरांना नवे नव्हते. दुसऱ्या वर्षी एक तरुण शिक्षक बदलून आले. त्यांनी रविवारी खोली उघडी ठेवायला सुरुवात केली आणि जो येईल त्याला बसू दिले. आज्ञा चुकीची टंकली की यंत्र ‘मिस्टेक’ एवढा एकच शब्द दाखवी. मला तोच शब्द, पुढच्या बाकावरच्या मुलाला तोच, आणि सरांनाही तोच. इतकी सारखी वागणूक त्या वयात मी दुसऱ्या कुठल्या खोलीत पाहिली नव्हती. यंत्राला समता कळते असा माझा दावा नाही. वर्षभर तेच यंत्र तिथेच होते. बदलली होती ती किल्ली सांभाळणारी व्यक्ती.

या संगणकाला फक्त रोमी लिपी येत असे. मात्र मोकळ्या ठेवलेल्या 32 जागांवर आपल्याला हवी ती चिन्हे बसवता येत. प्रत्येक चिन्हासाठी आठ गुणिले आठ घरांची चौकट. गणिताच्या चौकटीच्या वहीत मी अक्षरे काढी. उजवीकडून पहिल्या घराची किंमत 1, मग 2, 4, 8, अशी आठव्या घराची 128. आडव्या ओळीत जेवढी घरे भरलेली, त्यांची बेरीज यंत्राला द्यायची. शिरोरेषेची ओळ पूर्ण भरलेली असते, म्हणून शिरोरेषा म्हणजे 255. द्विमान पद्धती मी पुस्तकातून नव्हे, अशी ‘म’ आणि ‘र’ काढताना शिकलो. ‘ळ’ आणि ‘ण’ यांनी मात्र फार छळले. सगळी बाराखडी 32 जागांत बसणे शक्यच नव्हते.

1986च्या उन्हाळ्याच्या सुटीत गावी आजीने मला आमच्या वस्तीतली 43 घरे सांगितली. घरातली माणसे कोण, कोण मुंबईला गिरणीत गेले, कोण रेल्वेत लागले, 1972च्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण होते. बायकांची नावेही तिने ‘अमक्याची बायको’ अशी सांगितली नाहीत. प्रत्येकीचे स्वतःचे नाव आणि माहेरचे गाव सांगितले. शेवटी विचारले, “माजं नाव लिवलं का रं?” शाळा सुरू झाल्यावर त्या वहीतली यादी मी रविवारी बसून संगणकात टंकली, तीन भाग केले आणि एका साध्या कॅसेटवर साठवली. यादी रोमी लिपीत गेली. आजीचे नाव तेवढे देवनागरीत. आजी 1991 साली गेली. वही वाळवीने खाल्ली.

त्याच 1986 साली इंग्लंडमध्ये याच बीबीसीने एक मोठा प्रकल्प पुरा केला. 1086च्या ‘डूम्सडे बुक’ या जमीनपाहणीला 900 वर्षे झाली, म्हणून हजारो शाळांतील मुलांनी आपापल्या परिसराची माहिती लिहून पाठवली आणि ती लेझर तबकड्यांवर साठवली गेली. ती वाचायला बीबीसी मायक्रोच्या घराण्यातलाच ‘मास्टर’ संगणक लागे. पंधरा-सोळा वर्षांत ते संच इतके दुर्मीळ झाले की मजकूर सोडवण्यासाठी विद्यापीठांना खास संशोधन हाती घ्यावे लागले. कातड्यावरचे 1086चे पुस्तक मात्र आजही वाचता येते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे स्तंभ मोठ्या कष्टाने दिल्लीला आणवले, पण त्यांवर काय लिहिले आहे हे सांगू शकणारा एकही माणूस त्याला सापडला नाही. ब्राह्मी वाचली गेली ती 1837मध्ये, जेम्स प्रिन्सेपच्या हातून. तोवर धम्मलिपी लोकांच्या डोळ्यांसमोरच होत्या.

शाळेने जुने सामान लिलावात काढले, तेव्हा एक संच मी चारशे रुपयांना घेतला. ‘भंगार’ हा शब्द तेव्हा घरातही ऐकावा लागला. हल्ली मुले म्हणतात, सर, याची हुबेहूब नक्कल मोबाइलवर मिळते. मिळते, आणि ती उत्तम आहे. पण तिला कॅसेट लावायची सोय नसते. शिवाय मोबाइलमधला प्रोसेसर ज्या ‘एआरएम’ रचनेवर चालतो, तिची पहिली चिप 1985मध्ये एकॉर्नच्याच लोकांनी बनवली होती, हेही मी त्यांना ऐकवतो.

मध्यंतरी वीजपुरवठ्यातला कपॅसिटर फुटला आणि खोलीभर उग्र धूर झाला. या यंत्रांचे हे जुने दुखणे आहे. बाजारातल्या टीव्ही-मिस्त्रींनी काही रुपयांचा नवा कपॅसिटर बसवला, टेपचा रबरी पट्टाही बदलला. यादीचे दोन भाग सुखरूप उतरवून मी कागदावर छापून ठेवले आहेत: 34 घरे. तिसऱ्या भागात फीत चुरगळली आहे. यंत्र तिथे थांबते, ‘डेटा?’ असे विचारते आणि फीत मागे घ्यायला सांगते. नववीतल्या एका मुलाने त्या भागाचा आवाज लॅपटॉपवर घेतला आहे. शून्यासाठी सेकंदाला 1200 कंपनांचा स्वर, एकासाठी 2400चा. लाटा पाहत तो एकेक अक्षर लावतो आहे. नऊपैकी चार घरे लागली. पाचव्या घरातल्या बाईच्या नावाची ‘आर’ आणि ‘ए’ ही दोन अक्षरे मिळाली आहेत, माहेर पैठणकडचे. आमच्या वस्तीतले जुने कोणी ही स्मरणिका वाचत असेल, तर त्यांनी मला शाळेच्या पत्त्यावर अवश्य कळवावे.