ओलें अंथरूण

ज्या गोष्टी घरोघर असतात आणि कोणाच्याच घरीं नसल्यासारख्या दाखविल्या जातात, त्यांत मुलांच्या ओल्या अंथरुणाचा क्रम बराच वरचा लागेल. अशा विषयावर सभ्य मासिकांत लिहावें कीं न लिहावें, अशी शंका कोणास येईल. परंतु आपले जुने वैद्यक ग्रंथकार या बाबतींत आपल्याहून मोकळे होते. शार्ङ्गधरसंहितेंत बालरोगांची जी गणना आहे, तींत ‘शय्यामूत्र’ हें नांव सरळ आलें आहे. त्यांनीं त्यास रोग म्हटलें. खोडी म्हटलें नाहीं कीं आळस म्हटलें नाहीं. हीं दोन नांवें आम्ही घरच्या मंडळींनीं मागाहून दिलीं.

आजचें वैद्यक तर ५ वर्षांच्या आंत यास रोगहि मानीत नाहीं. ५ वर्षांच्या १०० मुलांत सुमारें १५ जणांचें अंथरूण रात्रीं ओलें होतें. १० व्या वर्षीं हें प्रमाण ५ च्या आसपास येतें. मुलींपेक्षां मुलग्यांत तें अधिक. म्हणजे पांचवीच्या वर्गांत ४० मुलें असलीं, तर त्यांत एकदोन तरी अशीं असावयाचींच. मास्तरकी केलेल्या माणसास तीं ओळखूं येतात. वेरूळ-अजिंठ्याच्या मुक्कामी सहलीचे पैसे भरावयाच्या दिवशीं ज्यांचें पोट दुखतें, तींच तीं. ऊसतोडीच्या हंगामांत गंगाखेड-सोनपेठकडचीं जीं मुलें आईबापांवांचून वसतिगृहांत राहतात, त्यांची चादर बदलणारें तर कोणीच नसतें.

कारण कळलें म्हणजे राग निम्मा उतरतो, म्हणून थोडें कारणाविषयीं. रात्रीं शरीरांत एक संप्रेरक वाढतें आणि त्यामुळें मूत्र कमी तयार होतें. कांहीं मुलांत ही वाढ उशीरां सुरू होते. दुसरें, मूत्राशयाचें माप. मुलाच्या वयांत १ मिळवून ३० नें गुणावें, तितके मिलीलिटर तें साधारणतः असतें. ८ वर्षांच्या मुलाचें २७०. कित्येकांचें याहून कमी भरतें. तिसरें आणि घरच्यांस सर्वांत न पटणारें कारण असें कीं, मूत्राशय भरल्याची वर्दी मिळूनहि या मुलांस जाग येत नाहीं. मूल मुद्दाम निजून राहत नाहीं. उलट पुष्कळदां तें स्वप्नांत उठून मोरीवर जातें! मला आमच्या जुन्या वाड्याची मोरी स्वप्नांत इतकी स्पष्ट दिसे कीं, तिच्या कडेचा फुटका दगडहि चुकत नसे.

होय, मी त्या मुलांपैकींच एक. १० व्या वर्षीं वडिलांच्या इच्छेनें मी दूरच्या एका वेदपाठशाळेंत राहावयास गेलों. तेथें आम्ही १८ विद्यार्थी ओसरीवर ओळीनें निजत असूं. पहिल्याच आठवड्यांत माझें नांव ‘वरुण’ पडलें. पर्जन्यसूक्ताचा पाठ सुरू झाला कीं सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळत. पौषांतल्या पहांटे विहिरीच्या पाण्यानें वाकळ धुतांना हात बधिर होत. त्याचें मला फारसें वाटत नसे, हंशाचें वाटे. मीं रात्रीचें जेवण सोडून पाहिलें, पाणी सोडून पाहिलें. झोंपच लागूं नये म्हणून भिंतीला टेकून बसलों, आणि पहांटे बसल्या जागींच भिजलों.

यांतून मला काढलें तें आमच्या गुरुपत्नींनीं. आम्ही त्यांस काकू म्हणत असूं. त्यांनीं एक शब्दहि न विचारतां माझें अंथरूण ओसरीच्या टोकाला, अंगणाच्या पायरीजवळ नेलें. तेथें बारीक वातीचा कंदील ठेवूं लागल्या. आणि इतर मुलें उठण्यापूर्वींच वाकळ बदलून जात. मुलांना त्यांनीं सांगितलें, “याला पहांटे फुलें आणायला उठवावें लागतें, म्हणून तिकडे निजवलाय.” हें धडधडीत असत्य होतें. सत्यावर पुष्कळ वचनें मला पुढें पाठ झालीं, पण त्या असत्यास दोष देण्याचें धैर्य मला अद्यापि झालें नाहीं. १३ व्या वर्षीं तें सारें आपोआप थांबलें.

पुढें वडील गेले. त्यांच्या दिवसांत आमच्या आत्याबाई सहज बोलून गेल्या, “दादालासुद्धां बाराव्या वर्षापर्यंत तसंच व्हायचं. आई त्याची सतरंजी माळवदावर वाळत घालायची.” वडिलांनीं माझ्याकडून गीतेचे अठराहि अध्याय म्हणवून घेतले होते; हें एक वाक्य मात्र कधीं सांगितलें नव्हतें. त्या पिढीच्या पुरुषांस तें सुचण्यासारखेंच नव्हतें, म्हणून मी रागावत नाहीं. पण त्या ओसरीवर मला दुसऱ्या कोणत्याहि विद्येपेक्षां त्याच वाक्याची गरज अधिक होती.

कारण ही गोष्ट बव्हंशीं कुळांतून येते. आईबापांपैकीं एकास लहानपणीं ही व्यथा असली, तर मुलास ती होण्याचा संभव शंभरांत चाळिसांहून अधिक, आणि दोघांस असली तर सत्तरांहून अधिक. १९९५ सालीं डेन्मार्कमधील संशोधकांनीं कांहीं कुटुंबांत तिचा संबंध १३ व्या गुणसूत्राशीं जोडून दाखविला. तेव्हां ज्या एकत्र कुटुंबांत असें एक मूल आहे, तेथें असा एखादा काका, आत्या किंवा आजोबा बहुधा असतोच, आणि तो गप्प असतो. बाकीचीं तोंडें मात्र गप्प नसतात. आमच्यासारख्या घरांत सकाळीं वाळत घातलेली गोधडी दहा जण पाहतात आणि दहाहि जण कांहीं तरी बोलतात. कोरियांत पूर्वीं अशा मुलाच्या डोक्यावर सूप घालून त्यास शेजाऱ्यांकडे मीठ मागावयास पाठवीत. मीठ मागतांना सारी आळी हंसे. आपल्याकडे सूप घालीत नाहींत इतकेंच.

गेल्या वैशाखांत आमच्या नातवाची मुंज झाली. बटू ८ वर्षांचा, आणि आठवड्यांतून पांच रात्री ओल्या. चाळीस पाहुणे येणार या विचारानें तो जेवेनासा झाला. घरांत उपाय निघाले : तीळगूळ द्यावा, मारुतीचा दोरा बांधावा, दुपारीं चारनंतर पाणी बंद करावें. पहिल्या दोहोंस मीं हरकत घेतली नाहीं. तिसऱ्यास कडक घेतली. परभणीचा वैशाख ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस कारण सांगावयास नको. पाणी तोडावयाचें नसतें, त्याची वेळ बदलावयाची असते. आमच्या शाळांतून मुलें दिवसभर पाणी पीत नाहींत, कारण शाळेच्या मुतारींत जाववत नाहीं, मुलींना तर मुळींच नाहीं. मग घरीं येऊन तांब्यावर तांब्या रिचवितात. केरळांत २०१९ मध्यें शाळांतून पाणी पिण्याची निराळी घंटा सुरू झाली, ती मला फार आवडली. दिवसां भरपूर पाणी, दर दोन-तीन तासांनीं लघवीस जाणें, निजण्यापूर्वींचे दोन तास जेमतेम घोटभर, चहा मुळींच नाहीं, एवढें सूनबाईंनीं बसवून दिलें.

परभणींतल्या बालरोगतज्ज्ञांनीं पहिला प्रश्न विचारला तो शौचाचा. मलावरोध असला कीं भरलेलें आंतडें मूत्राशयावर दाब देतें, हें आमच्यापैकीं कोणास ठाऊक नव्हतें. लघवी तपासून त्यांनीं बजावलें कीं, सहा महिने कोरडें राहिलेलें मूल पुन्हां भिजूं लागलें, अति तहान लागून वाळूं लागलें, दिवसांहि थेंब गळूं लागले, जळजळ, ताप किंवा मोठें घोरणें असलें, तर विलंब न करतां दाखवावें. डेस्मोप्रेसिनची गोळी त्यांनीं मुंजीपुरती देऊं केली. ती घेतल्यावर रात्रीं पाणी प्यावयाचें नसतें. आम्हीं ती या उन्हाळ्यांत घेतली नाहीं. ओल लागतांच वाजणारी घंटाहि मिळते. १९३८ सालीं अमेरिकेंत मॉरर पतिपत्नींनीं तिची पद्धत प्रसिद्ध केली. तीन मुलांपैकीं सुमारें दोघांस दोन-तीन महिन्यांत गुण येतो. मात्र एका खोलींत सहा जण निजत असतील, तर त्या मुलाखेरीज बाकीचीं पांचहि माणसें प्रथम उठतात. झोंपेंतच उचलून मोरीवर नेल्यानें गादी वांचते, मूल कांहीं शिकत नाहीं.

हें सर्व करण्यापूर्वीं मीं एका संध्याकाळीं नातवास गच्चीवर नेऊन माझी आणि त्याच्या पणजोबांची हकीकत सांगितली. त्यानें वाकळीविषयीं बारकाईनें चौकशी केली. मग विचारलें, “आबा, आणि बाबांना?” चिरंजीव जिन्यांत उभे होते. त्यांनीं खांकरून सांगितलें, “नऊ वर्षांपर्यंत.” हें सूनबाईंनीं लग्नानंतर अकरा वर्षांनीं प्रथमच ऐकलें.

मुंजीच्या आदल्या रात्रीं बटू माझ्याजवळ गच्चीवर निजला, खालीं रबरी चादर घालून. पहांटे चारला त्यानें मला हलविलें. पाहुणे उठण्यापूर्वीं आम्ही दोघांनीं अंथरूण बदललें आणि पुन्हां निजलों. आतां ओल्या रात्री आठवड्यास दोनवर आल्या आहेत. नोंद तो स्वतः वहींत करतो. मी रात्रींतून किती वेळां उठतों हें त्यास आतां कळलें असल्यानें, परवां त्यानें शेजारीं माझाहि एक रकाना आंखला.