कवितेचं घर

बालमित्रांनो, तुम्हांला कविता आवडतात ना? मग पाठ्यपुस्तकातल्या कविता पाठ झाल्या, की पुढं काय वाचायचं, हा प्रश्न तुम्हांलाही पडत असेल. दुकानात गोष्टींची पुस्तकं चटकन दिसतात. कवितांची पुस्तकं मात्र बहुतेक वेळा मागच्या फळीवर अंग चोरून उभी असतात! चला तर, आज अशा एका गावी जाऊ या, जिथं कवितेलाही घर मिळालं आहे.

गावाचं नाव भिलार. तालुका महाबळेश्वर, जिल्हा सातारा. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला यायचं. तिथून महाबळेश्वरच्या बाजूला थोड्याच अंतरावर हे गाव आहे. पूर्वी ते स्ट्रॉबेरीसाठी ओळखलं जायचं. ४ मे २०१७ या दिवशी त्याला आणखी एक ओळख मिळाली, 'पुस्तकांचं गाव'! वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली. तिथं जुन्या पुस्तकांची दुकानंच दुकानं आहेत. भिलारला मात्र निवांत बसून फुकट वाचायचं. सुरुवातीला २५ ठिकाणी मिळून सुमारे १५ हजार पुस्तकं ठेवली गेली. आणि ही ठिकाणं कोणती, माहीत आहे? त्यांतली बरीचशी म्हणजे गावकऱ्यांची राहती घरं! कुठं इतिहास, कुठं संतसाहित्य, कुठं बालसाहित्य, तर कुठं कविता. आत काय आहे, ते बाहेरची रंगवलेली भिंतच सांगते.

जरा विचार करा. अनोळखी माणसं येऊन आपल्या पडवीत वाचत बसली, तर आपल्या घरी चालेल का? भिलारकरांनी आपणहून दारं उघडली. म्हणून तिथं गेलात तर चपला बाहेर काढा, हात स्वच्छ ठेवा, पान दुमडू नका. या भागात पाऊस धो धो कोसळतो आणि ओल म्हणजे पुस्तकांची शत्रू. पुस्तकं जपली तरच हे गाव 'पुस्तकांचं' राहील.

आता कवितेचं पुस्तक निवडायचं कसं? अगदी सोपं आहे. कुठलंही पान उघडा आणि हळू आवाजात वाचा. कविता कानांनीही वाचायची असते! एखादी ओळ मनात घोळत राहिली, तर कवीचं आणि पुस्तकाचं नाव वहीत लिहा. हसायचं असेल तर विंदा करंदीकरांच्या बालकविता शोधा. शेतात, रानात हिंडायचं असेल तर ना. धों. महानोरांचं 'रानातल्या कविता' घ्या. कवितेसारखंच गोड गद्य हवं असेल, तर दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' आहे. त्यात मराठी महिन्यांतली झाडं, फुलं, आभाळ भेटतं. सगळं एकदम वाचू नका. चालू महिना काढा, वाचा आणि खिडकीबाहेर बघा.

आणि बहिणाबाई चौधरी! त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात नि घरात काम करताना त्या गाणी रचत. घरच्यांनी ती टिपून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. पुढच्याच वर्षी, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने, त्या गाण्यांचं पुस्तक निघालं. कुणी टिपलीच नसती तर? ती सगळी गाणी बहिणाबाईंबरोबरच गेली असती.

तुमच्या आजीलाही जात्यावरच्या ओव्या येत असतील. आजच तिच्याजवळ बसा आणि तिच्या शब्दांत, जशाच्या तशा लिहून घ्या. पालकहो, तुम्हीही लिहायला मदत करा. भिलारला कधी जमेल तेव्हा जाल. पण कवितेचं एक छोटंसं घर तुमच्या वहीत आजपासूनच उभं राहू शकतं. मग, पहिली ओवी कोणती लिहिणार?