तोडायचा कटर, चिरायचा कटर

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या दापोली तालुक्यावरून गेलं, तेव्हा वटपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. लाकूड अंधाऱ्या पंधरवड्यात पाडावं, चांदण्यात पाडलेल्याला भुंगा लवकर लागतो, असं माझे वडील सांगायचे आणि त्यांचे वडीलही. त्या हिशेबानं त्या दुपारी पडलेलं एकूण एक झाड चुकीच्या तिथीला पडलं. शेजारच्या तात्यांचा कापा फणस गोठ्यावर आडवा झाला. गुरं आदल्या रात्री पडवीत आणून बांधली होती म्हणून वाचली.

फणसाचा वेढा सात फूट. लाकूडवाला आला, ओंडक्यावर दोन थापा मारल्या आणि जळाऊचा भाव सांगून निघाला. त्याचंही चूक नव्हतं. वाडीत ट्रक उतरत नाही आणि एवढं धूड वर रस्त्याला ओढायचं तर लाकडापेक्षा मजुरी जड. फणस १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतला, म्हणून कागद तेवढे आधी करून घेतले. पाऊस सरल्यावर तात्या माझ्या पडवीत येऊन बसले. "अरे, तुझ्याकडे कटर आहे ना? मग इथंच चीर की."

माझ्याकडे होता तो ५८ सीसीचा, २२ इंची बारचा स्वस्तातला कटर, म्हणजे चेनसॉ. बार म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी. वादळानंतर रस्त्यावरची झाडं बाजूला करायला त्यानं महिनाभर उत्तम काम दिलं होतं. त्याला मी चिरायची फ्रेम जोडली. फ्रेम म्हणजे फार काही नाही: बारला दोन ठिकाणी पकडणारा लोखंडी सांगाडा, खालीवर सरकवून फळीची जाडी ठरवायची आणि ओंडक्याच्या सपाट पाठीवरून ढकलत न्यायचा. परदेशात याला अलास्कन मिल म्हणतात. बुंध्याला हात घालण्याआधी सव्वा फुटाची फांदी घेतली. पहिली फळी झाली, दुसरी झाली. तिसरीच्या मध्यावर कटर रडल्यासारखा आवाज काढून बंद पडला तो पडलाच. मेकॅनिकनं पिस्टन काढून हातात दिला. त्याच्या अंगावर उभे ओरखडे होते, मांजरानं बोचकारल्यासारखे.

मशीनला दोष देऊन मोकळं होता आलं असतं. पण चूक माझी होती. तोडणं आणि चिरणं हे दोन वेगळे शब्द मी लहानपणापासून वापरत आलो, आणि कटर घेताना मात्र दोन्ही कामं एक धरली.

तोडताना कटरला दम मिळतो. वीस-तीस सेकंद जोर, ओंडका तुटला, रेस सोडली, पुढची जागा. चिरताना आठ फुटांच्या ओंडक्यात तो एकदा शिरला की पाच-सात मिनिटं पूर्ण रेसवर, पूर्ण ओझ्याखाली, बाहेर येईपर्यंत सुटका नाही. शिवाय दात धाग्याच्या तोंडावर आदळतो. तोडताना निघते ती चुरी जाड, रव्यासारखी. चिरताना निघतो तो पिठासारखा भुसा, आणि तो एअर फिल्टरवर थर धरतो. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलात मिसळलेलं असतं तेवढंच. ऑइल कमी किंवा कार्ब्युरेटर कोरडा लावलेला असला की तोडताना खपून जातं, चिरताना पिस्टन चिकटतो. म्हणून चिरायच्या कटरला मी मिश्रण थोडं श्रीमंत ठेवतो. जादा पेट्रोल आतून गारवा धरतं. आणि काप संपला की लगेच बंद न करता अर्धा मिनिट तसाच गुरगुरू देतो.

आता चिराई माझा धंदा झाला आहे, म्हणून लोक मला फोन करून विचारतात, "किती सीसीचा घेऊ?" मी उलट विचारतो, तुमच्या ओंडक्याचा वेढा किती? दोरीनं मोजा, तीनानं भागा. तात्यांच्या फणसाचे सात फूट म्हणजे आडवा सव्वादोन फुटांच्या वर, अठ्ठावीस इंच. आता बार बघा. फ्रेमच्या दोन पकडी बारची पाच-सहा इंच लांबी खातात, म्हणजे ३६ इंची बारवर कामाला येतात तीस. तात्यांच्या फणसाला तो बार लागणारच होता, आणि तेवढ्या बारभर चेन लाकडात ओढायला नव्वद सीसीच्या आसपासचं इंजिन. फूट-सव्वाफुटाचा ओंडका सत्तर सीसीत होतो, घाई नसेल तर. त्याखाली चिरायचा नाद करू नये, हे मी पिस्टनची किंमत मोजून सांगतो आहे. वरच्या टोकाला श्टील कंपनीचा ८८१ आहे, १२१.६ सीसी, पण त्याचं नुसतं धडच ९.९ किलो. बार आणि फ्रेम चढवल्यावर ते दोन माणसांचं काम. आमच्या उतारावर मी नाही उचलणार. मी नव्वद सीसीच्या आसपासचा जुना कटर मुंबईहून आणला. वजनाला तोही काही पोरखेळ नाही.

बरेच जण सीसीवर थांबतात. मी त्यापुढे चेनला तेल देणारा ऑइल पंप बघतो. लांब बारच्या टोकापर्यंत तेल पोचतं का, हे कागदावर कळत नाही. कटर चालू करून बारचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर धरायचं. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली नाही तर टोकाला वेगळी तेलाची बाटली बसवावी लागते. मी बसवली.

आणि चेन. तिचा दात कुठून आला ती गोष्ट मला कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा आवडते. अमेरिकेत ओरेगनमधले लाकूडतोडे जोसेफ कॉक्स १९४६ साली एका बुंध्यात लाकूड पोखरणारी अळी बघत बसले. धागा उभा असो की आडवा, ती सारख्याच सहजपणे वाट काढत होती, कारण तिचे जबडे आलटून पालटून दोन्ही बाजूंना चालत होते. कॉक्सनी तोच जबडा पोलादात उतरवला, एक दात डावा, एक उजवा, आणि १९४७ मध्ये घराच्या तळघरात चेन बनवायला घेतल्या. ज्या अळीला सुतार जन्मभर शिव्या घालतो तिचाच दात घेऊन तो लाकूड कापतो. बाजारातली चेन मात्र अळीएवढी समदर्शी नसते. तिच्या दाताची धार तिरकी, तीस अंशांच्या आसपास, तोडण्यासाठी घासलेली. चिरायला ती जवळजवळ सरळ, दहा अंशांवर लागते. कानशीनं घरी घासता येते, एक संध्याकाळ जाते.

कटर विकणारा एक गोष्ट सांगत नाही. चेनच्या कापाची रुंदी नऊ मिलिमीटर धरा. एक फूट जाडीच्या चौकोनी ओंडक्यातून इंची फळ्या काढल्या तर नऊ निघतात आणि ७२ मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. गिरणीच्या पट्टीकरवतीचा काप अडीच मिलिमीटरचा, तिथं त्याच ओंडक्यात अकरा फळ्या बसतात. म्हणून मी वाडीत इंची फळ्या काढतच नाही. अडीच-तीन इंची जाड पाटे काढतो, ते चार माणसं उचलतात, टेम्पोत बसतात, आणि पुढची चिराई गिरणीत. ट्रक जिथं ओंडक्यापाशी येतो, तिथं कटरनं चिरूच नये. माझ्या धंद्याच्या विरुद्ध जातं, पण खरं आहे.

तात्यांचा फणस मार्चमध्ये घेतला. ओंडका उताराला तोंड करून ठेवला, म्हणजे फ्रेम स्वतःच्या वजनानंही सरकते आणि कंबर वाचते. पाठीवर घरातली ॲल्युमिनियमची शिडी ठोकली. पहिला काप तिच्यावरून जातो आणि पुढचे सगळे काप आधीच्या कापावरून, म्हणून शिडी आडव्या अंगानं पाणसळीत बसवायला तास गेला तरी चालतो. वडिलांच्या वेळी इथं गेरूत भिजवलेली दोरी ताणून टणकन सोडायचे. ओंडका घोडीवर, एक करवत्या वर, एक खाली. खालच्याच्या डोळ्यांत भुसा, म्हणून तो डोक्याला टॉवेल पुढे ओढून बांधायचा. मी गॉगल लावतो, कानांवर बोंडं चढवतो. चिरताना दिवसभराच्या आवाजानं रात्री कान गातात आणि थरथरीनं बोटं बधिर होतात.

काप पुढे गेला की मागे पाचर मारायची, नाहीतर वरचा पाटा खाली बसून बार आवळतो. तिसरी पाचर मारल्यावर पहिला पाटा उचलला. आतून फणस हळदीसारखा पिवळा, ओला, चिकाचा वास. तात्यांनी त्यावर हात फिरवला आणि तळवा लेंग्याला पुसला.

दुसऱ्या पाट्यात मधेच ठिणग्या उडाल्या. चेन काढून पाहिली तर अकरा दात बसलेले. उघडून बघितलं, पिवळ्या लाकडात हातभर लांब काळा डाग आणि त्याच्या मुळाशी चौकोनी डोक्याचा खिळा, सालीपासून चार बोटं आत. झाड त्याच्यावरून वाढत गेलं होतं. मी चिडलो होतो, नवी चेन होती. तात्या वाकून बघत राहिले.

"कंदील टांगायचे बाबा," ते म्हणाले. "गोठ्यात यायला."

मी दात घासायला बसलो. गोठ्याचं नवं दार त्याच पाट्याचं केलं. गिरणीवाला लोखंड असलेलं लाकूड घेत नाही, म्हणून ते तसंच जाड राहिलं आणि दोन माणसांशिवाय बिजागरीवर चढेना. खिळा तात्यांनी काढू दिला नाही.