डेको स्टॉप म्हणजे सेफ्टी स्टॉप नव्हे

स्कूबाचा कोर्स करून जे भाड्याचा डाइव्ह कॉम्प्युटर मनगटावर बांधतात आणि पाण्यात उतरतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. कोर्समध्ये हा विषय दोन वाक्यांत उरकतात. पाण्याखाली तो समोर आला की मात्र माणूस गोंधळतो.

माझ्या भाच्याचा ॲडव्हान्स्ड कोर्स नुकताच झाला होता. म्हणजे 30 मीटरपर्यंत जायची मुभा. आम्ही दोघं अंदमानात स्वराज द्वीपाला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला गेलो. माझा कॉम्प्युटर माझा स्वतःचा होता. त्याला तिथल्या सेंटरने भाड्याचा दिला.

पहिली डाइव्ह डिक्सन्स पिनॅकलला, 28 मीटरपर्यंत. ती छान झाली. वर आल्यावर तो म्हणाला, "मावशी, तुझ्यापेक्षा माझा एनडीएल खूपच कमी दाखवत होता." एनडीएल म्हणजे त्या खोलीवर अजून किती मिनिटं राहिलं तर थेट वर जाता येईल, तो आकडा. वेगवेगळ्या कंपन्यांची गणितं वेगळी असतात. काही मॉडेल मुळातच सावध असतात. त्यामुळे त्यात नवल नव्हतं. दुसऱ्या डाइव्हला त्याचा आकडा दोघांनी पाळायचा, असं आम्ही ठरवलं. तासभर बोटीवर बसलो, चहा-बिस्किटं झाली आणि दुसऱ्यांदा उतरलो.

ही डाइव्ह उथळ होती, 20 मीटरच्या आसपास. काही वेळाने त्याचा कॉम्प्युटर वाजला. त्याने मनगट माझ्यापुढे धरलं. एनडीएल संपला होता. त्या जागी वर जाणारा बाण, 'सीलिंग 3 मीटर' आणि वर पोचायला लागणारा एकूण वेळ, 6 मिनिटं, असं दिसत होतं. माझ्या पडद्यावर अजून 17 मिनिटं शिल्लक होती. डाइव्हमास्टरकडेही तसंच असणार, कारण तो निवांत पुढे चालला होता.

इथे थोडं थांबून फरक सांगते. सेफ्टी स्टॉप म्हणजे 5 मीटरवर 3 मिनिटं थांबणं. एनडीएलच्या आत राहिलेल्या डाइव्हनंतरचा हा जादा सावधपणा. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात अँड्र्यू पिल्मनिस यांनी डॉप्लरने तपासलं, तेव्हा अशा थोड्या वेळच्या थांब्याने रक्तातले बुडबुडे खूप कमी होतात असं दिसलं. हवा संपत आली असेल, कुणाला त्रास होत असेल, तर हा थांबा सोडून वर जाता येतं. कॉम्प्युटर तक्रार करत नाही. डेको, म्हणजे डीकम्प्रेशन स्टॉपचं तसं नाही. तो आला याचा अर्थ कॉम्प्युटरच्या हिशेबाने शरीरात इतका नायट्रोजन विरघळलाय की थेट वर जाणं धोक्याचं आहे. सीलिंग हे छत आहे. ते ओलांडायचं नाही.

आम्ही लगेच हळूहळू वर निघालो. मी डाइव्हमास्टरला करंगळी दाखवली. ही डेकोची खूण. त्याने ती पाहिली की नाही, कळलं नाही. मूरिंगच्या दोरापाशी 5 मीटरवर सगळे थांबलो. माझ्या पडद्यावर सेफ्टी स्टॉपचं घड्याळ 3:00 पासून सेकंदासेकंदाने उतरू लागलं. भाच्याचा आकडा मिनिटांचा होता आणि तो जागचा हलत नव्हता. पुढे त्याने सांगितलं की त्याला दोन्ही एकच वाटलं होतं. थांबा म्हणजे थांबा, तीन मिनिटं झाली की सुटका.

तीन मिनिटं झाली. डाइव्हमास्टरने अंगठा वर केला. भाचा निघाला. मी त्याच्या जॅकेटचा पट्टा धरून त्याला खाली ओढलं आणि त्याचं मनगट डाइव्हमास्टरपुढे धरलं. त्या क्षणी मला भीती वाटली, हे कबूल करते. डाइव्हमास्टरने वाचलं, मान हलवली, बाकीच्यांना वर पाठवलं आणि आमच्याबरोबर राहिला.

भाच्याकडे 70 बार हवा होती. पुरेशी होती, पण तो घाबरून भराभर श्वास घेत होता. मी दोर त्याच्या हातात दिला आणि सावकाश श्वास सोडायची खूण केली. त्याने तेच केलं. सीलिंग 3 मीटर असलं तरी आम्ही साडेचार-पाचवरच राहिलो. वर लाटा होत्या. 3 मीटरवर लाट उचलते आणि छत कधी ओलांडलं ते कळत नाही. खोल राहिलं की नायट्रोजन जरा सावकाश निघतो, म्हणून सहाची जवळजवळ नऊ मिनिटं झाली. सीलिंग गेल्यावरही मी आणखी तीन मिनिटं थांबायला लावलं.

वर गेलाच असता तर? सुन्तो कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांत सीलिंगच्या वर तीन मिनिटांपेक्षा जास्त राहिलं की कॉम्प्युटर 48 तास डेकोचं गणित करायचं नाकारतो, फक्त खोली आणि वेळ दाखवतो. शिअरवॉटर कंपनीचा कॉम्प्युटर लॉक होत नाही, इशारे देत राहतो. पण कॉम्प्युटर लॉक होणं ही त्यातली सगळ्यात लहान गोष्ट. सांधे दुखणं, मुंग्या येणं, पायातली ताकद जाणं, हे सगळं डीकम्प्रेशन सिकनेसमध्ये होतं आणि त्यावर रीकम्प्रेशन चेंबरच लागतो. छोट्या बेटावर तो हाताशी नसतो.

सेंटरवर आल्यावर आम्ही त्या कॉम्प्युटरचं लॉगबुक उघडलं. आदल्या दिवशी दुपारी आणि रात्री तो दुसऱ्या कुणाच्या तरी हातावर डाइव्ह करून आला होता. त्या माणसाचा उरलेला नायट्रोजन कॉम्प्युटर भाच्याच्या खात्यात धरत होता. शिवाय पर्सनल सेटिंग सगळ्यात सावध पायरीवर होतं. कॉम्प्युटरला माणूस ओळखता येत नाही. तो स्वतः किती खोल किती वेळ गेला, एवढंच त्याला ठाऊक असतं.

म्हणजे भाच्याच्या शरीराला बहुधा डेकोची गरज नव्हती. पण पाण्याखाली हे कळायला मार्ग नव्हता, आणि तिथे वाद घालायचा नसतो. दोघांचे कॉम्प्युटर वेगळं सांगत असतील तर जास्त सावध असलेल्याचं ऐकायचं. मला हा नियम आता आधीपेक्षा पक्का पटलाय.

भाचा म्हणाला, दुपारी दुसरा कॉम्प्युटर घेऊन जातो. मी नको म्हटलं. नव्या कॉम्प्युटरला सकाळच्या दोन डाइव्ह माहीतच नसतात. तो त्याला ताजातवाना समजून भरपूर वेळ देईल. ही चूक उलट्या बाजूची आणि जास्त धोक्याची. त्या दिवशी आम्ही किनाऱ्यावर राहिलो. दुसऱ्या दिवशी सेंटरने न वापरलेला कॉम्प्युटर दिला आणि तोच त्याने शेवटपर्यंत ठेवला.

सेंटरवाल्यांनी हे आपणहून तपासायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर आपणच बघायचं. कॉम्प्युटर हातात आला की लॉगबुकमध्ये शेवटची डाइव्ह कधी झाली ते पाहा, सेटिंग विचारा आणि त्या मॉडेलवर डेकोचा पडदा कसा दिसतो, ते बोट सुटण्याआधी दाखवायला सांगा.