टेपला जात नसते, रकान्याला असते

"मालमत्तेची किंमत बाजार ठरवतो, जात नाही," असे माझे व्यवसायबंधू मला नेहमी ऐकवतात. मी वर्धा जिल्ह्यात बँकांसाठी घरांचे आणि वावरांचे मूल्यांकन करतो. चौदा वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, हे विधान अर्धेच खरे आहे.

माझी अवजारे साधी आहेत. तीस मीटरचा टेप, लेझर मीटर, जीपीएसचा मोबाईल, पॅड आणि पेन्सिल. गिलावा पोकळ झाला आहे का, ते बोटाने ठोकून कळते. पिशवीत सातबारा, आखीव पत्रिका, ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि मुद्रांक विभागाचा बाजारमूल्य तक्ता. हिशेबही सरळ आहे. स्लॅबच्या घराचे आयुष्य साधारण ६० वर्षे धरतात आणि शेवटी १० टक्के किंमत उरते असे मानतात. घर २० वर्षांचे असेल तर घसारा ३० टक्के. आज नव्याने बांधायला दहा लाख लागत असतील, तर त्या बांधकामाचे सात लाख. या गणितात जात कुठेही नाही. टेप सगळ्यांच्या भिंती सारख्याच मोजतो.

म्हणूनच हे काम मला आवडते. फी फार नसते, उन्हाळ्यात गाडीवर चामडी भाजते. पण माझे आजोबा ज्या वाड्याच्या अंगणापुढे कधी गेले नाहीत, त्या वाड्याचे मूल्यांकन एकदा माझ्याकडे आले. स्वयंपाकघर आणि देवघर मोजल्याशिवाय अहवाल पूर्ण होत नाही. मालकाने स्वतः टेपचे दुसरे टोक देवघराच्या भिंतीला धरले. मी आकडा वाचला, त्यांनी तो मोठ्याने परत म्हटला. यात कोणाचे हृदयपरिवर्तन झाले, असा माझा गैरसमज नाही. त्यांना कर्ज हवे होते आणि माझ्याकडे पदवी व परवाना होता. बाबासाहेबांनी शिका म्हटले ते कशासाठी, हे मला त्या देवघरात पुन्हा एकदा कळले.

आता उरलेले अर्धे. देवळी तालुक्यातल्या एका गावी मी आपल्या वस्तीतले घर मोजायला गेलो. गावठाण विस्तारातला पट्टा, कागद स्वच्छ, स्लॅब पक्का. मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज हवे होते. म्हातारा माझ्या मागे मागे फिरत होता. "साहेब, एकेक ईट मी सायकलवर आणली. तुम्ही याले किती म्हणता?"

बँकेच्या छापील नमुन्यात एक रकाना असतो: परिसराचा दर्जा. उच्च, मध्यम की निकृष्ट? रस्ता सिमेंटचा, नळ दारात, वीज अखंड. गावातल्या इतर आळ्यांत याहून वेगळे काहीच नव्हते. तरी मी 'मध्यम' लिहिले, तर बँकेतून फोन आला. "सर, तिकडची वस्ती आहे ना ती? दर जरा जास्त वाटतो."

इथे मूल्यांकनकाराची खरी परीक्षा असते. जमिनीचा दर आसपासच्या खरेदीखतांशी तुलना करून ठरवतात. या वस्तीत खरेदीखतेच नाहीत. कारण वस्तीबाहेरचा कोणी इथे घर घेत नाही आणि वस्तीतल्याला वरच्या आळीत कोणी घर विकत नाही. गिऱ्हाईक जातीने रोखायचे आणि मग गिऱ्हाईक नाही म्हणून दर पाडायचा, याला बाजार म्हणतात!

कोणी म्हणेल, वाढवून लिहायचे होते. नाही. खोटा आकडा लिहिला तर उद्या आपल्याच माणसाच्या डोक्यावर न झेपणारे कर्ज बसेल आणि माझ्या सहीची किंमत जाईल. पण पाडलेला दर निमूटपणे लिहिणे म्हणजे अस्पृश्यतेवर माझा शिक्का मारणे. मी तिसरा मार्ग घेतला. बांधकामाची किंमत वेगळी काढली, कारण सिमेंट आणि लोखंड वस्ती विचारून महाग-स्वस्त होत नाही. जमिनीला तक्त्यातला त्या गावच्या गावठाणाचा दर लावला. शेऱ्यात लिहिले की वस्तीत विक्रीची उदाहरणे नाहीत, आणि रस्ता, पाणी, वीज यांची नोंद केली. दर कमी करायचा असेल तर कारण लेखी द्या, असे कळवले. लेखी कारण आले नाही. कर्ज मात्र मागितल्यापेक्षा कमी मंजूर झाले.

हा प्रश्न एका घराचा नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मोबदल्याचा पाया बाजारभाव आहे. त्यावर गुणक, त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम. पायाच खाली धरला, तर पुढचा प्रत्येक गुणाकार खाली येतो. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली जात आहेत. ती मोजणी गावठाणाची आहे. गावठाणाबाहेर सरकारी जागेवर वसलेली वस्ती त्यातून निसटते. तिच्या हाती राहतो फक्त नमुना ८, आणि तो कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगलेच झाले. पण पाटीवरची जात पुसली तरी दरातली जात कोण पुसणार?

१९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातिभेद न करता कसायला द्यावी अशी मागणी केली होती. जमीन गावाच्या बाजारावर सोडली तर काय होते, हे त्यांना ठाऊक होते.

म्हणून आपल्या तरुणांना माझे सांगणे आहे. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन नुसती ठेकेदारी शोधू नका. पदवी, पाच वर्षांचा अनुभव, ५० तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा, एवढ्यावर २०१७ च्या नियमांखाली नोंदणीकृत मूल्यांकनकार होता येते. रकाना भरणारा हात आपला असला पाहिजे. आणि वस्तीतल्या प्रत्येक घराने आपले कागद आजच तपासावेत, विशेषतः बाईचे नाव त्यात आहे का ते.

त्या म्हाताऱ्याने अहवालाची झेरॉक्स मागून घेतली. फी त्यानेच भरली होती. "रकमेचं जाऊ द्या जी," तो म्हणाला, "खोल्या बरोबर लिहिल्या ना?" मी त्याला एकेक माप वाचून दाखवले. एकही चुकले नव्हते.

जय भीम.