मायना

व्याह्यांना पत्र सांगायचं असलं की आक्का आधी डोक्यावर पदर घ्यायची. व्याही वीस मैलांवर, खटाव तालुक्यातल्या त्यांच्या गावी. इथं माण तालुक्यातल्या आमच्या सोप्यात मी एकटा, पाचवीतला पोर, मांडीवर पाटी आणि पाटीवर कोरं कार्ड. तरी ती पाय आवरून बसायची, पदर कपाळापर्यंत ओढायची आणि एरवी बांधापलीकडं ऐकू जाणारा आवाज खाली आणून म्हणायची, "लिव्ह. राजमान्य राजश्री."

मुंबईच्या लेकाला पत्र सांगायचं असलं की हीच आक्का जोंधळे पाखडत बसे. सुपाच्या ठेक्यावर मजकूर येई. "त्येला म्हणावं, म्हस याली. रेडी झालीया. च्या कमी पी म्हणावं. पाळीला जाताना उपाशी जाऊ नगं." मी भराभर लिहून घेई. एकदा कार्डावर जागा पुरावी म्हणून मी मायना गाळला आणि श्रीखाली थेट म्हशीपासून सुरुवात केली. वाचून दाखवताच सूप थांबलं.

"चिरंजीव कुठाय?"

"जागा नाही गं."

"आदी आयुष्य घाल. मग म्हस."

श्री आणि म्हैस यांच्यामधल्या बोटभर फटीत मी मुंगीएवढ्या अक्षरांत 'चिरंजीव' कोंबलं. शाळेत हा शब्द पत्रलेखनाच्या गुणांसाठी शिकवलेला. कार्डागणिक ती तो शब्द मुलाच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखा ठेवते, हे त्या दिवशी मला दिसलं.

आमच्या वडिलांनी मला मायन्यांचा फरक समजावून दिला होता. स्वतःच्या आईवडिलांना आणि घरच्या वडीलधाऱ्यांना तीर्थरूप. नात्याचे नसले तरी त्या मानाचे त्यांना तीर्थस्वरूप. पण सगळे मायने मायेचे नव्हते. आक्काला माहेरच्या एका थोरल्याकडून कार्ड येई, त्यावर तिच्या नावाआधी 'गं. भा.' असे. गंगा आणि भागीरथी, दोन पवित्र नद्यांची नावं. ती वाचून दाखवली की आक्का दुसरीकडं बघायची. नवरा गेल्याचं तिला दर कार्डानं नव्यानं सांगायची काय गरज होती? लेकानं तो मायना कधी लिहिला नाही. तो लिहायचा, 'तीर्थरूप आयेस'. शाळेतल्या बाईंनी 'आये'वर लाल रेघ मारली असती. आक्का तेवढीच ओळ दोनदा वाचायला लावायची.

कागदावरचे मायने कळले, पण बोलण्यातल्या एकेरी-आदरार्थीचा हिशेब मला अजून पुरता मांडता आलेला नाही. आई आली, बाबा आले, असंच आम्ही म्हणत आलो. आईला एकेरी, विठोबाला एकेरी, आणि गावच्या पाटलाला अहोजाहो. पंढरीच्या वाटेवर तर वय, जात, हुद्दा न विचारता समोरच्याला 'माउली' म्हणतात आणि दोघंही एकमेकांच्या पायांशी वाकतात. तिथं 'तू' म्हणा की 'तुम्ही' म्हणा, कुणाचं काही उणं होत नाही.

तोच एकेरी शब्द दुसऱ्या तोंडातून कसा निघतो, ते गेल्या पावसाळ्यात पाहिलं. एका सरकारी कार्यालयात वारसनोंदीच्या कामासाठी रांगेत होतो. माझ्यापुढं सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी. हातात त्याच कार्यालयातून आलेलं पत्र, घड्या पडून मऊ झालेलं. त्यात लिहिलं होतं, 'आपणांस याद्वारे कळविण्यात येते की'. खिडकीमागचा तिशीतला माणूस मान वर न करता म्हणाला, "ए, कागद आणलास का? तिकडं उभा रहा." म्हातारबाबा म्हणाले, "आणलाय साहेब," आणि भिंतीकडं सरकले. कागदावर आपण, तोंडानं ए. मी काही बोललो नाही, याची खंत अजून जात नाही. असं एकेरी ऐकत उभं राहायची वेळ कुणावर येते, हे आपल्याकडं बहुतेकदा धोतरावरून, आडनावावरून ठरतं. सफाईवाल्या मावशींना नातवाच्या वयाची मुलं 'अगं' म्हणतात, तेव्हा त्या मुलांना आई आठवलेली नसते.

महाराष्ट्र झाला त्याच वर्षी, १९६० साली, राज्याचं भाषा संचालनालय निघालं. राजभाषेचा कायदा १९६४ सालचा. कारभाराची मराठी तेव्हापासून घडवली गेली. तिला बोजड म्हणायची रीत आहे, आणि 'निम्नस्वाक्षरीकार' वाचताना माझीही जीभ अडखळते. पण तिच्यातलं ते 'आपण' मला मोलाचं वाटतं. मराठीत 'आपण जेवलात का' म्हटलं की समोरच्याला मान मिळतो आणि 'आपण जेवू या' म्हटलं की तो पंगतीत येतो. एकच शब्द दोन्ही कामं करतो. त्या खिडकीमागच्या माणसाला यातलं कुठलंही 'आपण' चाललं असतं.

आक्काला अक्षर येत नव्हतं, पण कार्ड तिला कळायचं. पोस्टमननं हातात दिलं की ती आधी चारही कोपरे बघायची, कारण कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेलं. मग वर बोट न्यायची. श्रीचा आकार तिच्या ओळखीचा होता आणि वाईट बातमीच्या कार्डावर श्री नसतो. दोन्ही ठीक असलं की म्हणायची, "आता वाच."

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, त्यांत आक्काचा लेक. पहिले दोन महिने त्याची पत्रं नेहमीसारखी आली: आये, च्या सोडलाय, आये, भात परवडत न्हाय, पाव खातो. मनीऑर्डर थांबली होती, पत्रं थांबली नव्हती. मग उन्हाळ्यात एक कार्ड आलं. कोपरे धड, वर श्री. मी वाचलं:

'तीर्थरूप मातोश्रींचे चरणी बालकाचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम असे. आपले क्षेम कळवीत जावे. काळजी नसावी. कळावे.'

एक चूक नाही, एक शब्द वाकडा नाही. मला ते फार छान वाटलं, आमच्या पुस्तकातल्या नमुन्यासारखं.

आक्का म्हणाली, "पुन्ना वाच."

मी वाचलं. तिनं सूप भिंतीला टेकवलं.

"आये म्हणलंय का कुठं?"

"मातोश्री म्हटलंय. म्हणजे आईच."

"ह्येच्यात त्यो न्हाय," ती म्हणाली. कार्ड माझ्या हातातून घेऊन तिनं चोळीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती पहिल्या एसटीसाठी फाट्यावर उभी होती. बोचक्यात जोंधळ्याचं पीठ, चटणीची बरणी, आणि पदर कमरेला घट्ट खोचलेला.